मेंदूतील गाठ, दोनशे किरण आणि वऱ्हाडची वाट

१/
११ ऑक्टोबर १९६८ रोजी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला. त्यांना ग्रासणारी व्याधी होती कर्करोग. त्याच सुमारास, १९६७-६८ मध्ये, स्वीडनमधील स्टॉकहोम येथे लार्स लेक्सेल नावाचा न्यूरोसर्जन कवटी न उघडता मेंदूच्या आतील एका बिंदूवर किरणांचा मारा करणारे पहिले यंत्र रुग्णावर वापरत होता. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. स्टॉकहोमचे ते तंत्र वऱ्हाडातील रुग्णाच्या आवाक्यात येण्यास पुढे कित्येक दशके लागली. हा धागा त्या दशकांचा आहे.

२/
आधी रोग समजून घेऊ. फुफ्फुस, स्तन, मूत्रपिंड किंवा त्वचेतील मेलॅनोमा अशा ठिकाणी सुरू झालेल्या कर्करोगाच्या पेशी रक्तातून वाहत मेंदूत पोहोचतात आणि तेथे नवी गाठ धरतात. ही मेंदूची स्वतःची गाठ नव्हे. ती दुय्यम गाठ, म्हणजे मेटास्टॅसिस. सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलट्या, अचानक आलेली फीट, एका हाताची शक्ती जाणे, बोलताना शब्द न सापडणे ही तिची लक्षणे. घरच्यांच्या तोंडी एकच वाक्य असते: ‘कॅन्सर डोक्यात गेला.’

३/
वऱ्हाडात कर्करोग म्हटले की प्रथम आठवतो तो खर्रा आणि त्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग. मात्र तोंडाचा कर्करोग बहुधा मानेतील गाठींपर्यंत पसरतो. मेंदूत तो क्वचितच जातो. मेंदूकडे धाव घेणारे कर्करोग प्रामुख्याने फुफ्फुसाचे आणि स्तनाचे. म्हणून या उपचाराचा इतिहास खर्ऱ्याच्या इतिहासापेक्षा वेगळा आहे. त्यात चुलीच्या धुराजवळ आयुष्य काढलेली, कधीही तंबाखू न खाल्लेली बाईही असू शकते.

४/
वऱ्हाडच्या रुग्णाची वाट भूगोलाने आधीच आखून ठेवली होती. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढच्या दशकात कापसासाठी रेल्वे आली आणि अकोला, बडनेरा ही स्थानके मुंबई-नागपूर मार्गावर बसली. कापसाच्या गाठी ज्या रुळांवरून पश्चिमेकडे गेल्या, त्याच रुळांवरून पुढे आजारी माणसे गेली. राजकीय राजधानी नागपूर, व्यापाराची राजधानी मुंबई आणि मधोमध अकोला-अमरावती, अशी ती रचना होती.

५/
पश्चिमेच्या टोकाला काय होते? १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने परदेशात मरण पावल्या. अशा उपचाराची सोय भारतात व्हावी ही सर दोराबजी टाटांची इच्छा होती. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. टाटा विश्वस्त संस्थेने ते काम पुढे नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली का, याचे उत्तर किरणोपचारात आहे.

६/
नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम. पुढची पन्नास वर्षे कर्करोगावरील किरणोपचार या दोहोंवर चालला. मेंदूसाठी मात्र दोन्ही अपुरे होते. त्या काळच्या क्ष-किरणांचा जोर बराचसा कातडीतच संपे. आतल्या गाठीपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचवावी तर वरची त्वचा भाजून निघे. रेडियम दुर्मीळ आणि महाग. ते गाठीच्या अगदी जवळ ठेवावे लागे. गाठ मेंदूत खोलवर असली की दोन्ही हात टेकत.

७/
१९५१ साली चित्र पालटले. कॅनडात अणुभट्टीत तयार केलेल्या कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूने रुग्णांवर उपचार सुरू झाले. त्याचे गॅमा किरण अधिक जोरकस. त्यांची कमाल मात्रा त्वचेवर न पडता सुमारे अर्धा सेंटिमीटर आत पडते आणि पुढेही बरेच खोल जाते. यंत्र साधे, विजेवर फारसे अवलंबून नसलेले. होमी भाभांच्या पुढाकाराने भारतात अणुभट्ट्या उभ्या राहिल्यावर कोबाल्ट देशातच बनू लागले. भारतीय कर्करोग रुग्णालयांची कित्येक वर्षे या यंत्रावर निघाली. रुग्ण त्याला आजही ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात.

८/
कोबाल्टमुळे मेंदूतील दुय्यम गाठींवर उपचार शक्य झाला, पण तो सरसकट होता. गाठ नेमकी कोठे आहे हे पाहण्याचे साधनच नव्हते. त्यामुळे डोक्याच्या दोन्ही बाजूंनी सगळ्या मेंदूला किरण दिले जात. अनेक ठिकाणी रूढ झालेले वेळापत्रक असे: रोज थोडी मात्रा, आठवड्यातून पाच दिवस, एकूण दहा वेळा. १९६१ पासून त्याला डेक्सामेथासोनची जोड मिळाली. गाठीभोवतीची सूज हे स्वस्त औषध झपाट्याने उतरवते. अंथरुणाला खिळलेला माणूस दोन-तीन दिवसांत उठून बसतो. पण हे उठणे बहुधा काही आठवड्यांचे असते.

९/
संपूर्ण मेंदूला किरण देण्याची किंमत बराच काळ कोणाला दिसली नाही, आणि त्याचे कारण विषण्ण करणारे आहे. किरणांमुळे स्मृतीवर होणारा परिणाम काही महिन्यांनी उमटतो. रुग्ण तेवढे जगतच नसत. उपचारांत सुधारणा होऊन माणसे वर्ष-दोन वर्षे जगू लागली, तेव्हा कुटुंबांच्या लक्षात आले की गाठ आटोक्यात आहे, पण माणूस विसरतो आहे, गोंधळतो आहे, व्यवहारातून निसटतो आहे. आयुष्य लांबले, म्हणून हानी दिसली.

१०/
आता पुन्हा स्टॉकहोमकडे. मेंदूतील एखादा बिंदू बाहेरून मोजून गाठण्याची कल्पना जुनी आहे. १९०८ मध्ये लंडनच्या हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी प्राण्यांच्या डोक्यावर बसवायची मोजमापाची चौकट वर्णिली. १९४७ मध्ये अमेरिकेत स्पीगल आणि वायसिस यांनी ती माणसासाठी वापरली. लेक्सेलने स्वतःची चौकट बनवली आणि १९५१ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: बिंदू इतका नेमका कळतो, तर तेथे सुईऐवजी किरण का पाठवू नयेत? या पद्धतीला त्याने ‘स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी’ हे नाव दिले.

११/
आधी त्याने क्ष-किरण वापरून पाहिले. मग उप्साला येथील भौतिकशास्त्रज्ञ ब्योर्ये लार्सन यांच्यासह प्रोटॉनचा झोत वापरला. प्रोटॉनसाठी लागणारे यंत्र रुग्णालयात मावणारे नव्हते. शेवटी तो कोबाल्टकडे वळला. पहिल्या गॅमा नाइफमध्ये कोबाल्टचे १७९ बारीक स्रोत एका जाड कवचात बसवलेले होते. पुढच्या प्रचलित यंत्रांत ते २०१ झाले. प्रत्येक स्रोताचा किरण एकटा दुबळा. तो ज्या वाटेने जातो तेथील मेंदूला फारशी इजा करत नाही. पण सगळे किरण ज्या एका बिंदूवर भेटतात, तेथे मात्रा प्रचंड होते आणि काही मिलिमीटर बाजूला ती झपाट्याने उतरते.

१२/
एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: हे यंत्र कर्करोगासाठी बनलेच नव्हते. असह्य वेदना, कंप आणि काही मानसिक विकार यांवर मेंदूतील ठरावीक तंतू निकामी करणे हा लेक्सेलचा मूळ हेतू होता. कारण उघड आहे. त्या काळी कवटीतील गाठ दिसतच नसे. दिसत ती केवळ शरीररचनेची ठरलेली ठिकाणे. १९७१ मध्ये हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा काप दाखवला आणि नंतर एमआरआय आला. डोळे मिळाल्यावरच त्या नेमक्या हाताला खरे काम मिळाले. स्टॉकहोममध्ये मेंदूतील दुय्यम गाठीवर हा उपचार पहिल्यांदा १९७५ मध्ये झाला.

१३/
दुय्यम गाठ या तंत्राला जणू घडवूनच दिलेली असते. ती बहुधा गोल असते, तिची कड स्पष्ट असते, ती भोवतालच्या मेंदूला बाजूला ढकलते आणि त्यात फारशी मिसळत नाही. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीला एकाच बैठकीत मोठी मात्रा देता येते. गाठ जितकी लहान, तितकी मात्रा जास्त देता येते. कारण मोठ्या गाठीभोवती अधिक निरोगी मेंदू किरणांच्या छायेत येतो. रुग्णाच्या कवटीला स्थानिक भूल देऊन चार स्क्रूंनी चौकट बसवतात, स्कॅन करतात, हिशेब मांडतात, किरण देतात, चौकट काढतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

१४/
१९८०च्या दशकात आणखी एक दार उघडले. ब्यूनस आयर्स, इटलीतील व्हिचेन्झा आणि नंतर बोस्टन येथील डॉक्टरांनी साध्या लिनॅकचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या रेषीय त्वरकाचा, झोत बारीक करून आणि यंत्र रुग्णाभोवती फिरवून हाच परिणाम साधला. यात कोबाल्ट नाही आणि यंत्र फक्त मेंदूसाठी अडकून पडत नाही. सकाळी स्तनाचा कर्करोग, दुपारी मेंदूची गाठ. लेक्सेलकडे काम केलेल्या जॉन अ‍ॅडलर यांनी अमेरिकेत चौकटीविना चालणारा सायबरनाइफ घडवला. भारतासारख्या देशात या तंत्राचा प्रसार मुख्यतः लिनॅकच्या वाटेनेच व्हायचा होता.

१५/
भारतात गॅमा नाइफ आला तो १९९७ मध्ये. मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीची एम्स ही त्याची पहिली ठिकाणे. अकोल्याहून मुंबई रेल्वेने एका रात्रीचा प्रवास. तरी खरे अंतर किलोमीटरचे नव्हते. फीट का आली हे कळण्यासाठी आधी एमआरआय हवा, एमआरआय वाचणारा हवा, आणि ‘यावर उपाय आहे’ असे सांगणारा डॉक्टर हवा. इर्विनच्या ओपीडीतून परळच्या ओपीडीपर्यंतची वाट या तीन पायऱ्यांवर अडकत असे.

१६/
पूर्वेच्या टोकाला नागपुरात १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे कॅन्सर रिलीफ सोसायटीने उभारलेल्या रुग्णालयाला तुकडोजी महाराजांचेच नाव मिळाले. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय विदर्भासह शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या रुग्णांचाही आधार झाले. अकोल्यात संत तुकाराम कर्करोग रुग्णालय उभे राहिले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किरणोपचार विभाग आला. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने देशात घडवलेला ‘सिद्धार्थ’ हा लिनॅक तेथे बसवला गेला. या भागात रुग्णालयांना संतांची नावे देण्यामागे केवळ भक्ती नाही. लोकवर्गणी ज्यांच्या नावाने जमते, तीच ही नावे.

१७/
तरीही किरणांचे यंत्र गावात असणे आणि नेमका मारा करता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमीच्या कोबाल्ट यंत्रात एकच मोठा स्रोत असतो. त्याचा झोत रुंद, कड पसरट. सुपारीएवढ्या गाठीसाठी तो कामाचा नाही. शिवाय कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षे. दर महिन्याला त्याचा जोर जवळपास एक टक्क्याने घटतो. स्रोत वेळेवर बदलला नाही तर पाच मिनिटांचे काम दहा मिनिटांचे होते आणि दाराबाहेरची रांग तेवढीच लांबते. नेमक्या माऱ्यासाठी लिनॅक, प्रतिमा घेणारी जोडयंत्रणा आणि मुख्य म्हणजे मिलिमीटरचा हिशेब रोज तपासणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतो.

१८/
तोवर वाट होती ती मुंबईची, आणि त्या वाटेवर वऱ्हाडचाच एक माणूस आधी जाऊन उभा होता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा. हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या या संताने मंदिरांऐवजी धर्मशाळा बांधल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर ते गेले. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण आणि नातेवाईक माफक खर्चात राहतात. दहा दिवसांच्या शेकासाठी दोन आठवडे मुंबईत राहायचे असते. रुग्णालयाचा खर्च माफ झाला तरी डोक्यावर छप्पर कोण देणार? उपचाराच्या इतिहासात अशा धर्मशाळेची नोंद होत नाही, व्हायला हवी.

१९/
दरम्यान जगभर एक वाद चालला होता, आणि त्याचा निकाल वऱ्हाडच्या रुग्णालाही लागू होणारा होता. १९९० मध्ये अमेरिकेत पॅचेल यांनी ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूत एकच गाठ असेल तर ती शस्त्रक्रियेने काढून मग किरण दिलेले रुग्ण मध्यमानाने ४० आठवडे जगले. फक्त किरण दिलेले १५ आठवडे. एका गाठीचा नेमका बंदोबस्त केला तर आयुष्य वाढते, हे सिद्ध झाले. २००४ मध्ये ३००हून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत रेडिओसर्जरीबद्दलही एकाच गाठीच्या रुग्णांत तसाच कल दिसला, लाभ तुलनेने लहान असला तरी.

२०/
मग खरा प्रश्न पुढे आला. गाठीवर नेमके किरण दिल्यावर उरलेल्या मेंदूलाही ‘खबरदारी म्हणून’ द्यायचे का? २००९ मध्ये ह्यूस्टन येथील ५८ रुग्णांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. ज्यांना दोन्ही दिले, त्यांच्यात चार महिन्यांनी शिकण्याची व आठवण्याची शक्ती ढासळण्याची शक्यता ५२ टक्के होती. फक्त नेमका मारा दिलेल्यांत २४ टक्के. २०१६ मध्ये २१३ रुग्णांच्या मोठ्या चाचणीनेही तोच कौल दिला: तीन महिन्यांनी बौद्धिक घसरण ९२ टक्के विरुद्ध ६४ टक्के. संपूर्ण मेंदूला किरण दिल्याने नव्या गाठी कमी झाल्या, पण आयुष्य वाढले नाही.

२१/
आणखी दोन अभ्यासांनी चित्र पूर्ण केले. २०१४ मध्ये जपानच्या ११९४ रुग्णांत पाच ते दहा गाठी असलेले रुग्ण रेडिओसर्जरीनंतर दोन ते चार गाठीवाल्यांइतकेच जगले. गाठींची संख्या हा एकमेव निकष उरला नाही. २०१६ मध्ये ब्रिटन-ऑस्ट्रेलियातील ५३८ रुग्णांच्या अभ्यासाने उलट बाजू दाखवली. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे जे रुग्ण शस्त्रक्रिया वा रेडिओसर्जरीला योग्य नव्हते, त्यांना संपूर्ण मेंदूच्या किरणांनी केवळ स्टेरॉइड व शुश्रूषेपेक्षा फारसे काही मिळाले नाही. अतिशय खंगलेल्या माणसाला दोन आठवडे शहरात ठेवण्यापेक्षा त्याच्या घरी चांगली शुश्रूषा देणे हाही शास्त्रशुद्ध उपचार ठरतो.

२२/
पैशाची बाजू २ जुलै २०१२ रोजी हलली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. अमरावती त्यांपैकी एक. पुढच्या वर्षी ती अकोल्यासह सर्व महाराष्ट्रात आली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते. कर्करोगाचे किरणोपचारही त्यात. त्याच २०१७ मध्ये नागपूरजवळ जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था सुरू झाली. अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटर. मुंबईच्या वाटेवरची गर्दी पूर्वेकडे वळू लागली.

२३/
येथे एक पेच आहे. एका दिवसात संपणारा उपचार दूरच्या रुग्णाला सर्वांत सोयीचा वाटतो. दहा दिवसांचा शेक नाही, खोलीचे भाडे नाही, शेतातली मजुरी बुडत नाही. पण उरलेल्या मेंदूला किरण दिलेले नसल्याने तेथे नवी गाठ येऊ शकते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करणे हा उपचाराचाच भाग असतो. धारणीच्या किंवा बार्शीटाकळीच्या रुग्णाने बरे वाटते म्हणून तो स्कॅन टाळला, तर नेमक्या माऱ्याचा सगळा लाभ वाहून जातो. या तंत्राने मुक्काम कमी केला आणि फेऱ्या वाढवल्या. त्या फेऱ्यांचे भाडे कोणत्या योजनेत बसते, हा आजचा प्रश्न आहे.

२४/
इतिहास येथे थांबलेला नाही. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांवरील नवी औषधे मेंदूभोवतीची रक्ताची अडसर-भिंत ओलांडतात आणि गाठी गोळीनेच आक्रसतात. संपूर्ण मेंदूला किरण द्यावेच लागले, तर स्मृतीचे केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस वगळून ते देता येतात. त्यामुळे निर्णय आता एका डॉक्टरचा राहिलेला नाही. गाठी किती, केवढ्या, मूळ कर्करोग कोणता, तो उरलेल्या शरीरात आटोक्यात आहे का, रुग्ण स्वतः चालतो-फिरतो का, हे सारे एकत्र पाहावे लागते. २०१२ पासून टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड हे काम रुग्णालये जोडून करू पाहते.

२५/
संपूर्ण मेंदूपासून सुपारीएवढ्या गाठीपर्यंत यायला शास्त्राला अर्धे शतक लागले. त्यात वाचली ती केवळ महिन्यांची बेरीज नव्हे. नातवाचे नाव आठवणे, सातबाऱ्यावर कशाला सही करतो आहोत हे कळणे, हरिपाठाची पुढची ओळ आपोआप ओठांवर येणे, यांचा त्यात हिशेब आहे. कर्करोगाचा उपचार झालेल्या माणसाला नवी डोकेदुखी वा फीट आली, तर गावातल्या डॉक्टरने ‘अशक्तपणा’ म्हणून न सोडता त्याच आठवड्यात स्कॅनला पाठवणे, हे वऱ्हाडापुरते या इतिहासाचे पुढचे पान आहे. गाठ लहान असतानाच किरण नेमका लागतो.